गालिच्यावरील डाग घरच्या घरी काढताना

मागच्या फेब्रुवारीत जळगावच्या आमच्या घरी पाहुणे जेवायला बसले होते. वाढताना शेवभाजीचे पातेले कलंडले आणि वाटीभर तर्री दिवाणखान्यातल्या फिकट रंगाच्या लोकरी गालिच्यावर सांडली. मोठ्या जाऊबाईंनी मदतीला धावून लगेच तांब्याभर पाणी ओतले, त्यावर कपडे धुण्याची पावडर भुरभुरली आणि ब्रशने जोरात घासायला सुरुवात केली. सासूबाई स्वयंपाकघरातून "पानी नको टाकू वं, आधी टिपी ले" असे म्हणत बाहेर येईपर्यंत तळहाताएवढा डाग ताटाएवढा झाला होता आणि त्याचा पिवळा मध्यभाग विटकरी लाल पडला होता. तो डाग निघायला पाच दिवस लागले. त्यातले निम्म्याहून अधिक श्रम तर्रीने वाढवलेले नव्हते, पहिल्या पाच मिनिटांत झालेल्या उपचाराने वाढवलेले होते. त्या पाच दिवसांत आणि त्यानंतर वेगवेगळ्या डागांवर जे करून पाहिले, ते येथे क्रमाने लिहीत आहे.

पहिली पाच मिनिटे

काही घट्ट पदार्थ सांडला असेल तर तो आधी चमच्याच्या कडेने किंवा बोथट सुरीने उचलून घ्यावा. उचलताना चमचा डागाच्या कडेकडून मध्याकडे न्यावा, कारण मध्यातून बाहेर नेल्यास भोवतालची स्वच्छ लवही, म्हणजे गालिच्यावरचे उभे धागे, माखते. पातळ पदार्थ असेल तर जुन्या धोतराचे, पंच्याचे किंवा टर्किशच्या टॉवेलचे पांढरे कापड घडी करून डागावर ठेवावे आणि तळहाताने सरळ खाली दाबावे. कापड ओले झाले की घडी बदलून कोरडी बाजू लावावी आणि कापडावर काहीही उतरेनासे होईपर्यंत हेच करत राहावे. कापड पांढरेच घ्यावे, कारण रंगीत कापडाचा रंग ओलाव्याने गालिच्यात उतरू शकतो आणि शिवाय कापडावर काय उतरते आहे हे दिसतही नाही.

घासणे का टाळायचे, हे एकदा गालिच्याची लव बोटांनी बाजूला करून पाहिले की पटते. लवेचा प्रत्येक धागा अनेक बारीक तंतू पिळून केलेला असतो. ब्रशने तो पीळ सुटतो, टोके फिसकटतात, आणि डाग पूर्ण निघाला तरी तेवढी जागा वेगळ्या रंगाची वाटत राहते. आमच्या गालिच्यावर आज तर्रीचा मागमूस नाही, पण ब्रश फिरलेली जागा तिरप्या उजेडात अजूनही ओळखू येते. पाणी ओतण्याचा तोटा वेगळा आहे. ओतलेले पाणी डागाला लवेच्या मुळाशी आणि तेथून गालिच्याच्या पाठीत नेते, आणि पाठीत गेलेला डाग वरून टिपून हाती लागत नाही.

गालिचा कशाचा आहे ते ओळखणे

डाग टिपून झाल्यावर लगेच काही लावण्याची घाई नसते. गालिच्याच्या मागे चिठ्ठी शिवलेली असेल तर ती वाचावी. चिठ्ठी नसेल तर कोपऱ्याच्या मागच्या बाजूने दोन-तीन तंतू उपटावेत, चिमट्यात धरावेत आणि स्टीलच्या ताटलीवर काडीने पेटवून पाहावेत. केस जळल्यासारखा वास आला आणि काळी राख बोटांनी चुरली गेली तर ती लोकर किंवा रेशीम असते. कागद जळल्यासारखा वास आणि करडी, हलकी राख असेल तर सूत, ताग किंवा व्हिस्कोस (आर्ट सिल्क म्हणून विकला जाणारा धागा) समजावे. तंतू वितळून त्याचा टणक मणी झाला तर तो नायलॉन, पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन यांसारखा कृत्रिम धागा असतो.

ही ओळख महत्त्वाची आहे, कारण एका धाग्याला चालणारे औषध दुसऱ्याचा नाश करते. लोकर आणि रेशीम हे प्रथिनांचे तंतू आहेत. कपडे पांढरे करण्याचे ब्लीच त्यांना अक्षरशः विरघळवते, धुण्याच्या पावडरीतील तीव्र क्षार त्यांना खरखरीत करतो, आणि ज्या पावडरींमध्ये प्रथिने तोडणारी एन्झाइम असतात त्या लोकरीलाही हळूहळू खातात. कृत्रिम धागा बराच सहनशील असतो, मात्र त्याला तेल घट्ट धरून बसते आणि गरम इस्त्रीने तो वितळतो. सुती सतरंजी सर्वांत सोपी असते. रंग पक्का असेल तर ती सरळ धुता येते, म्हणून पुढील बहुतेक मजकूर लवेच्या गालिच्यांसाठी आहे.

कोणतेही द्रावण लावण्यापूर्वी सोफ्याखाली झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यावर त्याचे काही थेंब टाकावेत आणि त्यावर पांढरे ओले कापड मिनिटभर दाबून धरावे. कापडावर गालिच्याचा रंग उतरला, तर ते द्रावण त्या गालिच्यासाठी नाही.

जवळ ठेवावयाचे साहित्य

यासाठी वेगळे महागडे साहित्य लागत नाही. भांडी घासण्याचा द्रव साबण, पांढरे व्हिनेगर, खाण्याचा सोडा, कॉर्नफ्लोअर किंवा साधी टाल्कम पावडर, मेडिकलमध्ये मिळणारे स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, फवाऱ्याची एक बाटली आणि पांढऱ्या कापडांचा गठ्ठा एवढे पुरते. साबणाचे द्रावण अर्धा लिटर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा साबण घालून करावे. ते अपुरे वाटते, पण गालिच्यातून साबण काढणे हे साबण लावण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि आत राहिलेला साबण चिकट होऊन महिन्याभरात पायांची धूळ ओढून घेतो, ज्यामुळे डागाच्या जागी नवा काळपट डाग दिसू लागतो. व्हिनेगरचे द्रावण एक वाटी व्हिनेगरला दोन वाट्या पाणी या प्रमाणात करावे. मेडिकलमधील पेरॉक्साइडच्या बाटलीवरील तीव्रता वाचावी. आपल्याकडे ते बहुधा 6 टक्के असते, म्हणून तेवढेच पाणी मिसळून 3 टक्के करूनच वापरावे.

आपल्या भागात पाण्याचाही विचार करावा लागतो. ज्यांच्या घरी बोअरचे जड पाणी येते, त्यांच्याकडे त्या पाण्यात साबणाला फेस कमी येतो आणि वाळल्यावर लवेवर पांढुरकी कड उरते. डागापुरते पाणी फार लागत नसल्यामुळे मी द्रावणासाठी आणि शेवटच्या धुण्यासाठी पिण्याच्या जारचे पाणी वापरते, आणि फरक स्पष्ट दिसतो.

एक इशारा येथेच देते. ब्लीच आणि व्हिनेगर एकाच डागावर कधीही, पाठोपाठसुद्धा, लावू नये. त्यांच्या संयोगाने विषारी क्लोरीन वायू तयार होतो. स्पिरिट वापरताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि देवघरातील दिवा दूर असावा.

शेवभाजीची तर्री

खान्देशातल्या घरात गालिच्याला सर्वांत जास्त भीती याच डागाची असते, कारण हा एक डाग नसून एकावर एक बसलेले तीन डाग असतात: तेल, तेलात विरघळलेला लाल मिरचीचा रंग, आणि हळद. भरीत, वरण किंवा मटणाचा रस्सा सांडला तरी कमीअधिक प्रमाणात हेच करावे लागते. तेल आधी काढले नाही तर पाण्यातले कोणतेही द्रावण रंगापर्यंत पोहोचत नाही, म्हणून क्रम बदलू नये.

टिपून झाल्यावर डागावर कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडरचा बोटाच्या पेराएवढा थर पसरावा आणि तो किमान अर्धा तास, शक्य असल्यास दोन तास, तसाच राहू द्यावा. बेसन वापरू नये, कारण त्याचा स्वतःचा पिवळेपणा लवेत अडकतो. पावडर तेल शोषून गुठळ्यांसारखी होते आणि नारिंगी दिसू लागते. ती चमच्याने उचलून उरलेली व्हॅक्यूमने ओढावी आणि पुन्हा नवा थर द्यावा. आमच्या गालिच्यावर चार थर द्यावे लागले. पहिला थर गाजराच्या किसासारखा निघाला, चौथा जवळजवळ पांढरा होता, आणि तो पांढरा निघाल्यावरच आम्ही पुढे गेलो.

त्यानंतर साबणाच्या द्रावणात कापड बुडवून घट्ट पिळावे आणि कडेकडून मध्याकडे टिपत यावे. एका हाताने ओले कापड दाबायचे, दुसऱ्या हाताने कोरडे, असे आलटून पालटून पंधरा-वीस मिनिटे केल्यावर मिरचीची लाली बरीच उतरते आणि खाली हळदीचा पिवळा डाग उरतो.

हळदीच्या रंगद्रव्याचे नाव कर्क्युमिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये आणि तेलात विरघळते, क्षार लागला की लाल होते आणि उन्हात विटते. हे चार गुण लक्षात ठेवले की पुढचे सगळे आपोआप समजते. जाऊबाईंनी टाकलेल्या पावडरीने डाग लाल का झाला, याचे उत्तर आपल्या देवघरात आहे. हळदीला चुन्यासारखा क्षार लावूनच पारंपरिक कुंकू तयार होते. मात्र असा लाल पडलेला डाग पक्का झाला असे समजून धीर सोडू नये. त्यावर व्हिनेगरचे द्रावण फवारले की तो डोळ्यांदेखत पुन्हा पिवळा होतो. आम्ही ते केले तेव्हा जाऊबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला आठवतो. गालिचा आपल्यामुळे गेला, असे त्यांनी दिवसभर मनाला लावून घेतले होते.

पिवळ्या डागावर स्पिरिट वापरताना ते गालिच्यावर ओतू नये, कापडाच्या कोपऱ्यावर घेऊन टिपावे. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच गालिच्यांची पाठ लॅटेक्सच्या चिकाने चिकटवलेली असते, आणि स्पिरिट खाली मुरले तर तो चिकटा सैल होऊन लव सुटू लागते. प्रत्येक वेळी कापडावर पिवळा ठसा उतरतो. ठसा उतरेनासा झाला की थांबावे, व्हिनेगरच्या द्रावणाने एकदा आणि साध्या पाण्याने दोनदा टिपून घ्यावे.

त्यानंतरही जो फिकट पिवळेपणा उरतो, त्याचे काम उन्हावर सोपवावे. गालिचा गच्चीवर किंवा अंगणात नेऊन त्यावर जाड चादर पसरावी आणि चादरीला डागाएवढेच भोक ठेवावे, म्हणजे ऊन फक्त डागाला लागेल आणि गालिच्याचे स्वतःचे रंग विटणार नाहीत. जुन्या उशीच्या अभ्र्याचे दोन तुकडे आडवे-उभे ठेवूनही हे साधते. डागाची जागा किंचित ओलसर असावी. फेब्रुवारीत आम्ही सकाळी नऊ ते बारा असे तीन दिवस ऊन दिले आणि तिसऱ्या दिवशी पिवळेपणा शोधावा लागत होता. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा आपल्याकडे पारा 43-44 अंशांपर्यंत जातो, तेव्हा सकाळचे दोन तास पुरेत. दुपारच्या उन्हात फरशी इतकी तापते की लॅटेक्सची पाठ कडक होऊन तडकते.

चहा

चहाचा रंग त्यातील टॅनिनमुळे बसतो, आणि आपल्या चहात दूध व साखर असल्यामुळे प्रथिन आणि चिकटपणाही त्यासोबत येतो. दूध असल्यामुळे गरम पाणी वापरू नये. टिपून झाल्यावर आधी गार पाण्याने साखर उतरवावी, नंतर साबणाचे द्रावण आणि शेवटी व्हिनेगरचे द्रावण, असा क्रम ठेवावा. साखर राहिली तर जागा वाळल्यावर कडक लागते आणि पावसाळ्यात मुंग्या हमखास येतात. कॉफीलाही हेच लागू आहे.

रक्त, दूध, अंडे, लहान मुलांची लघवी

या सर्वांत प्रथिन असते किंवा वास धरणारा घटक असतो, आणि या सर्वांना गार पाणीच लागते. उष्णतेने प्रथिन गोठून तंतूला चिकटते. रक्ताच्या ताज्या डागावर गार पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून टिपत राहिल्यास बहुतेक डाग निघतो. कृत्रिम धाग्याच्या फिकट गालिच्यावर 3 टक्के पेरॉक्साइडचे थेंब टाकता येतात. ते फेसाळते, फेस टिपून घ्यावा. गडद किंवा लोकरी गालिच्यावर पेरॉक्साइड नको, रंग उडतो.

मुलाने गालिच्यावर लघवी केली असेल तर वेळ घालवू नये, कारण ताजी लघवी साधारण सौम्य आम्लधर्मी असली तरी शिळी होताना ती क्षारधर्मी होते आणि गालिच्याचा रंगच बदलते. शक्य तितके टिपून, गार पाण्याने दोन-तीनदा उतरवून, व्हिनेगरचे द्रावण लावावे. जागा वाळल्यावर खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी व्हॅक्यूमने काढावा. व्हिनेगर आणि सोडा एकाच वेळी टाकण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. फेस पाहून समाधान वाटते, पण दोन्ही एकमेकांना निकामी करतात आणि मागे मिठासारखा अवशेष उरतो.

काळी माती

पावसाळ्यात शेतातून आलेल्या चपलांची काळी माती गालिच्यावर आली की हात लगेच ओल्या फडक्याकडे जातो, आणि तेच टाळायचे असते. तापीकाठच्या आपल्या काळ्या मातीत पाण्याने फुगणारी चिकणमाती भरपूर असते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा आणि पावसात पायाला बसणारा चिखलाचा गोळा ही तिचीच दोन रूपे आहेत. ओली असताना ती तंतूंच्या फटीत पसरते, वाळली की आकसून ढेकूळ होते. म्हणून तिला पंख्याखाली पूर्ण वाळू द्यावे, जुलैत याला दोन दिवसही लागतात. नंतर बोटांनी चुरून, गालिचा उलटा करून पाठीवर हलके थोपटावे आणि मग व्हॅक्यूम फिरवावा. या कोरड्या सफाईत इतकी माती निघते की साबणाची गरज उरलेल्या करड्या छायेपुरतीच राहते. गुलाल, कुंकू आणि रांगोळी यांनाही कोरडेच काढावे. कुंकवाला पाण्याचा एक थेंब लागला तरी तो वेगळा डाग होतो. लवेच्या टोकांवरचे कुंकू रुंद चिकटपट्टी हलकी टेकवून उचलता येते.

केळीचा चीक

रावेर-यावलकडच्या घरांत हा डाग काय असतो ते सांगावे लागत नाही. बागेतून आणलेला घड कोणीतरी गालिच्याच्या कडेला टेकवून ठेवतो, दांड्यातून पाण्यासारखा चीक गळतो, तो दिसत नाही, आणि संध्याकाळपर्यंत तेथे तपकिरी-काळे ठिपके उमटतात. चिकातील घटक हवेशी संयोग पावून काळे पडतात, म्हणून चीक रंगहीन असतानाच त्याला गाठणे हा खरा उपाय आहे. घड ठेवलेली जागा ओलसर लागली तर डाग दिसत नसला तरी गार पाण्याने, मग साबणाच्या आणि व्हिनेगरच्या द्रावणाने टिपून घ्यावे. काळा पडलेला डाग कृत्रिम धाग्यावर असेल तर 3 टक्के पेरॉक्साइडने भिजवलेले कापड त्यावर ठेवून, प्लॅस्टिकने झाकून, तासभर थांबावे. छटा उतरते, परंतु लोकरीवर किंवा सुतावर जुना चीक पूर्ण निघालेला मी पाहिलेला नाही.

शाई, मेण आणि च्युइंगम

बॉलपेनच्या शाईवर स्पिरिटचे कापड टेकवावे, पुसू नये, आणि प्रत्येक टेकवणीला कापडाची नवी जागा घ्यावी. मेणावर आणि च्युइंगमवर बर्फाचे खडे पिशवीत घालून ठेवावेत. ते कडक झाले की तुकडे पाडून उचलावेत. उरलेल्या मेणावर खाकी कागद ठेवून सर्वांत कमी तापलेली इस्त्री क्षणभर टेकवली की मेण कागदात येते, मात्र कृत्रिम धाग्यावर मध्ये जाड कापड हवेच.

धुऊन काढणे आणि वाळवणे

डाग गेला असे वाटल्यावर काम संपत नाही. फवाऱ्याने साधे पाणी हलकेच मारावे, कोरड्या कापडाने टिपावे, आणि टिपलेले कापड पिळल्यावर फेस दिसेनासा होईपर्यंत हे तीन-चार वेळा करावे. यानंतर पांढऱ्या कापडाची सहा-आठ पदरी घडी जागेवर ठेवून वर प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर पुस्तकांचा गठ्ठा किंवा पाटा असे वजन ठेवून रात्रभर सोडावे. अनेकांचा अनुभव असतो की डाग संध्याकाळी जातो आणि सकाळी परत येतो. तो नवा नसतो. पाठीत मुरलेला ओलावा वाळताना दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसा लवेतून वर चढतो आणि रंग टोकांवर सोडून उडून जातो. वजनाखालचे कापड तो ओलावा टोकांऐवजी स्वतःत घेते. आमच्या घडीच्या तळाच्या दोन पदरांवर सकाळी फिकट पिवळे वर्तुळ होते, गालिच्यावर काही नव्हते.

सकाळी लव बोटांनी मूळच्या दिशेने उभी करावी, कोपऱ्याखाली पाट सरकवून गालिचा जमिनीपासून उचलावा आणि पंखा लावावा. एका दिवसात पाठ कोरडी झालीच पाहिजे. तागाची पाठ जास्त वेळ ओली राहिली तर तिच्यातील तपकिरी रंग वर येतो, आणि पावसाळ्यात बुरशीचा वास धरतो तो वेगळाच. तसा तपकिरीपणा आला तर व्हिनेगरचे द्रावण हलके फवारून टिपावे.

जे घरी करू नये

रेशमी गालिचा, हाताने गाठी मारून विणलेला जुना गालिचा ज्याचा रंग कोपऱ्यातल्या चाचणीत उतरतो, आणि आर्ट सिल्क किंवा बांबू सिल्क या नावाने विकला जाणारा व्हिस्कोसचा गालिचा यांना टिपण्यापलीकडे काही करू नये. व्हिस्कोसला नुसते पाणी लागले तरी तो ओला असताना अशक्त होतो, आणि वाळल्यावर जागा पिवळट, ताठ दिसते. हे गालिचे धुणाऱ्याकडेच द्यावेत. देताना एका चिठ्ठीवर काय सांडले, कोणत्या दिवशी, आणि त्यावर आपण काय काय लावले हे लिहून डागाजवळ टाचणीने अडकवावे, विशेषतः शेवटची गोष्ट संकोच न करता लिहावी, कारण पाणी लागले आहे की साबण, व्हिनेगर की ब्लीच, यावरच तो पहिले द्रावण कोणते घ्यायचे ते ठरवतो.